आमची फायनल आणि ब्रेंटफर्डचा मालक

लंडनमधल्या हाउन्सलोला मुलाकडे येऊन दोन महिने झाले. सकाळी नातीला शाळेत सोडायचं, येताना दूध आणायचं, की दिवस संपला. चाळीस वर्षं कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवलेल्या माणसाला रिकामे हात सोसत नाहीत. घरात बसून बसून मी सुनेच्या कुकरची शिट्टी नीट बसते का नाही, हे बघायला लागलो, तेव्हा पोराने ओळखलं की म्हाताऱ्याला बाहेर काढायला पाहिजे.

त्याच्या ऑफिसातल्या एकाची ब्रेंटफर्ड या फुटबॉल क्लबची सीझन तिकिटं आहेत. १३ सप्टेंबर २०२५ला, शनिवारी रात्री आठची मॅच, समोर चेल्सी. तो मित्र गावाला गेलेला, म्हणून दोन तिकिटं आमच्या पदरात पडली. २३७ नंबरची बस धरली आणि क्यू ब्रिजला उतरलो.

स्टेडियम बघून पहिल्यांदा हसूच आलं. तिन्ही बाजूंनी रेल्वेचे रूळ आणि मधल्या तिकोनी बेचक्यात कोंबून बसवलेलं मैदान. आमच्या पेठेत दोन वाड्यांच्या मधल्या बोळात एखादा पठ्ठ्या तीन मजले उभे करतो ना, तसं. १७ हजारांच्या आसपास माणसं बसतात. लंडनातल्या मोठ्या क्लबांच्या मानाने हे म्हणजे किरकोळच. खुर्च्या सगळ्या वेगवेगळ्या रंगांच्या, लाल, पिवळ्या, करड्या, कशाही मिसळलेल्या. पोरगा म्हणाला, "पप्पा, अशा रंगामुळे रिकामी खुर्ची टीव्हीवर कळत नाही." ज्याने कुणी हे डोकं लावलंय, तो धंदा कळणारा माणूस आहे एवढं तिथंच पटलं.

मॅच झाली २-२. ८५व्या मिनिटाला चेल्सीच्या कैसेडोने गोल मारला आणि लोक उठायला लागले. आम्ही बसून राहिलो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर वाढलेला माणूस शेवटच्या शिट्टीआधी उठत नाही. जादा वेळेत बाजूच्या रेषेवर थ्रो मिळाला. कायोडे नावाचं इटालियन पोरगं चेंडू घेऊन मागे मागे गेलं. थ्रो म्हणजे आपल्याकडे जवळच्या माणसाला चेंडू देऊन मोकळं व्हायचं. याने पळत येऊन कमरेतून असा काही फेकला की चेंडू सरळ गोलच्या तोंडासमोर. तिथं गर्दी, ढकलाढकली, आणि मागच्या खांबापाशी मोकळा उभा असलेला कार्व्हाल्यो. गोल! शेजारचे गोरे आजोबा, ज्यांनी दीड तास माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, त्यांनी मला मिठी मारली. बिअर माझ्या स्वेटरवर सांडली ती वेगळीच.

घरी येताना बसमध्ये पोरगा म्हणाला, "तो थ्रो आपोआप नाही आला पप्पा. ते ठरवून करतात. या क्लबचा मालक आकडेवाला आहे."

आमच्याकडे आकडेवाला म्हणजे मटक्याचा. मी म्हटलं, "असा माणूस क्लबचा मालक? आणि चालतं?"

पोरगा जरा थांबला. म्हणाला, "तसं बघायला गेलं तर जवळजवळ तेच."

तर ही त्या मालकाची गोष्ट. नाव मॅथ्यू बेनहॅम. ऑक्सफर्डला फिजिक्स शिकला, मग लंडनच्या बँकांत नोकरी, मग फुटबॉलवरच्या बेटिंगच्या धंद्यात उतरला आणि २००४ साली स्मार्टऑड्स नावाची कंपनी काढली. कुठल्या सामन्यात काय होण्याची शक्यता किती, हे गणिताने काढून द्यायचं, हा कंपनीचा धंदा. पैसा रग्गड मिळाला. गडी लहानपणापासून ब्रेंटफर्डचा समर्थक. क्लब तेव्हा समर्थकांच्याच ट्रस्टच्या हातात होता आणि खिसा फाटका होता. याने आधी उसने दिले, नंतर आणखी दिले, शेवटी २०१२च्या उन्हाळ्यात क्लबच ताब्यात घेतला. त्या वेळी ब्रेंटफर्ड तिसऱ्या श्रेणीत खेळत होता.

मुलाखती हा माणूस जवळपास देतच नाही. आमच्याकडे शंभर रुपये वर्गणी दिलेल्याचाही फोटो डिजिटल फलकावर लागतो, म्हणून मला याचं विशेष वाटलं. तेव्हा त्याची मतं काय, हे त्याच्या तोंडून कमी आणि त्याने केलेल्या कामातून जास्त कळतं. पोराने लॅपटॉपवर एकेक काढून दिलं, मी महिनाभर वाचत बसलो. त्यातली मुळातली गोष्ट एकच आहे: सामन्याचा निकाल खोटं बोलतो. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात, त्यामुळे नशिबाला हात मारायला वाव फार. चांगलं खेळून हरता येतं, वाईट खेळून जिंकता येतं. म्हणून किती गोल झाले यापेक्षा किती आणि कुठून संधी निर्माण केल्या, हे मोजायचं. दहा यार्डांवरून समोरून मारलेला चेंडू आणि तीस यार्डांवरून तिरका मारलेला चेंडू यांची किंमत वेगळी. त्या सगळ्याची बेरीज करायची आणि मग ठरवायचं, संघ चांगला का वाईट. गुणतक्त्याकडे बघून हुरळून जायचं नाही आणि रडायचंही नाही.

पोरगा मला हे समजावून सांगायला लागला, तर मी म्हटलं, बाबा रे, यात समजवायचं काय? फाउंड्रीत हेच असतं.

एक कास्टिंग, म्हणजे ओतलेला पीस, चांगलं निघालं म्हणून साच्याची वाळू चांगली, असं आमच्यात कुणी म्हणत नाही. वाळूत ओल जास्त झालेली असली तरी दहातले सात पीस सरळ निघतात. आणि सगळं नीट असून एखाद्याला ब्लो होल पडतं. कुठं हवा अडकली, कुठं ओतणाऱ्याचा हात हलला. त्या एका पीसवरून मोल्डरच्या, म्हणजे साचा करणाऱ्याच्या, कानाखाली काढली, तर दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या फाउंड्रीत दिसतो. आम्ही बघायचो ते महिन्याचं रिजेक्शन. दोन टक्के आहे का सहा टक्के. वाळूची ओल रोज तपासलेली आहे का, धातूचं तापमान वहीत लिहिलेलं आहे का. ते बरोबर असेल तर खराब पीस बाजूला टाकायचा, वितळवायचा आणि गप्प बसायचं. हे मला १९८५ सालापासून ठाऊक होतं.

आणि तरी १९९८ साली मी जे केलं ते केलं. पण त्याआधी ब्रेंटफर्डचा २०१३चा एप्रिल सांगतो, कारण ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

बेनहॅम मालक होऊन वर्ष पुरं व्हायचं होतं. हंगामातली शेवटची मॅच, घरच्या मैदानावर, डॉनकास्टरशी. जिंकलं तर थेट वरच्या श्रेणीत. ०-० चाललंय. जादा वेळेत ब्रेंटफर्डला पेनल्टी मिळते. नेहमी पेनल्टी घेणारा जुना खेळाडू केविन ओकॉनर. पण मार्चेलो ट्रॉटा नावाचं तरणं पोरगं, तेही दुसऱ्या क्लबकडून उसनं आणलेलं, चेंडू सोडायलाच तयार नाही. त्यानेच मारली. चेंडू आडव्या खांबाला लागून परत आला. लोक डोक्याला हात लावतायत तोवर डॉनकास्टरवाले चेंडू घेऊन दुसऱ्या टोकाला पळाले आणि जेम्स कॉपिंजरने गोल मारला. ब्रेंटफर्ड वर जाणार होता तो राहिला आणि डॉनकास्टर त्या श्रेणीचे विजेते. अर्ध्या मिनिटाचा खेळ. त्यानंतर वर जायची उरलेली एक जागा ठरवणाऱ्या प्ले-ऑफच्या फायनलमध्ये वेम्बलीवर येओव्हिलकडूनही हरले.

आता मालक काय करेल? मी असतो तर काय केलं असतं, ते मला पक्कं माहीत आहे. बेनहॅमने काही केलं नाही. प्रशिक्षक उवे रोस्लर होते, ते तसेच ठेवले. पुढच्या हंगामात ते स्वतःच मोठ्या क्लबकडे गेले आणि त्याच हंगामाच्या शेवटी, २०१४ मध्ये, ब्रेंटफर्ड वर चढला.

आता आमची फायनल.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की आमच्याकडे फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. एकेका नावामागे एकेक पेठ उभी असते. आमच्या तालमीचं नाव मुद्दाम घेत नाही, घेतलं तर रात्रीतून फोन सुरू होतील. संघाला 'मालक' नसतो, पण पैसे घालणारा असतो. त्या काळी तो मी होतो. बूट, जर्सी, सरावानंतर अंडी-केळी-दूध, जखमी पोराचा एक्स-रे, सगळं फाउंड्रीतून जायचं. पैसे घालणाऱ्याला कमिटीत मान असतो आणि मानाबरोबर आपल्याला खेळ कळतो असा समजही फुकट मिळतो.

आमच्या प्रशिक्षकांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेत मास्तर वगैरे नव्हते, एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. पहाटे साडेपाचला पोरांना घेऊन पळायला जायचे आणि आठच्या ड्युटीला हजर. त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात कायम एक छोटी डायरी, विम्याच्या एजंटाने फुकट वाटलेली. मॅच चालू असताना त्यात रेघा मारत बसायचे. डाव्या पानावर आपल्या, उजव्या पानावर समोरच्यांच्या. गोलवर मारलेल्या प्रत्येक चेंडूला एक रेघ, जवळून मारला असेल तर रेघेवर टिंब. आम्ही चेष्टा करायचो, मास्तर रमीचा हिशेब ठेवतात म्हणून.

१९९८ साली एका चषकाची फायनल. शाहू स्टेडियम भरलेलं, पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नाही, दोन्हीकडून हलग्या. मास्तरांनी आमच्या हुकमी आघाडीवीराला बाहेर बसवलं आणि एका डावखुऱ्या सतरा वर्षांच्या पोराला खेळवलं. हुकमी आघाडीवीर आठवडाभर सरावाला आला नव्हता, हे कारण. पण तो पेठेतल्या एका वजनदार घरातला होता. त्यामुळे मॅच सुरू व्हायच्या आधीच माझ्या कानाशी माणसं लागली होती.

आम्ही अख्खी मॅच त्यांच्या हाफमध्ये खेळलो. दोनदा खांबाला लागला. त्या डावखुऱ्या पोराने एकदा गोलकीपरलाही चकवलं आणि चेंडू रिकाम्या गोलसमोरून बाहेर गेला. साठाव्या मिनिटाच्या सुमारास त्यांच्या एकाने लांबून उगाच मारलेला चेंडू आमच्या बचावपटूच्या गुडघ्याला लागला, दिशा बदलली आणि आत गेला. ०-१. तेवढ्यावर संपलं.

पलीकडच्या पेठेने गुलाल उधळला. त्यातला थोडा वाऱ्याने आमच्या बाजूला आला. हे मी विसरलेलो नाही, कारण तो गुलाल माझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर पडला आणि मला तो अपमान वाटला. गेटबाहेर माझी बजाज स्कूटर उभी होती. मास्तर पोरांना घेऊन बाहेर आले. चाळीस-पन्नास माणसं गोळा झालेली. मी त्यांच्यासमोर म्हणालो, "मास्तर, उद्यापासून येऊ नका."

मास्तरांनी डायरी काढली, ते पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. म्हणाले, "साहेब, मोजा." डावीकडे रेघांची दाटी, टिंबं असलेल्या पाच-सहा. उजवीकडे तीन रेघा, एकीवरही टिंब नाही. मी डायरी हाताने बाजूला सारली. ती खाली पडली. त्यांनी उचलली, झटकली, खिशात ठेवली. मग गळ्यातली शिट्टी काढून स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि चालत गेले. बिंदू चौकाच्या दिशेने. मी बराच वेळ बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाउंड्रीत एका मोल्डरचे तीन पीस खराब निघाले. सुपरवायझर त्याला शिव्या घालत होता. मी त्यालाच झापलं, म्हटलं, आधी महिन्याचं रिजेक्शन बघ आणि मग बोल.

माणूस एवढा सरळ आंधळा असू शकतो.

यावर कुणी म्हणेल, पेठेचा संघ कुठं, लंडनचा क्लब कुठं. मग आपल्याच राज्यातला नमुना घ्या. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं व्यंकटेश्वरा हाऊस सगळ्यांना माहीत आहे. वेंकीज चिकनवाले. त्यांनी २०१०च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. साधासुधा क्लब नव्हे. जॅक वॉकर नावाच्या तिथल्याच पोलादवाल्याने पैसा ओतून १९९५ साली त्यांना प्रीमियर लीग, म्हणजे तिथली सगळ्यात वरची श्रेणी, जिंकून दिलेली. आम्हाला काय अभिमान वाटला होता तेव्हा! महाराष्ट्रातला माणूस प्रीमियर लीगमध्ये मालक. मी तर एमआयडीसीच्या चहाच्या टपरीवर पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

क्लब घेऊन महिना होतोय न होतोय, तोच त्यांनी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलार्डाइसना काढलं. संघ तेव्हा तेराव्या नंबरावर होता, म्हणजे त्या क्लबच्या ऐपतीप्रमाणे बरा चालला होता. त्यांच्या जागी त्यांच्याच हाताखालचे स्टीव्ह कीन आले. पुढच्या हंगामाच्या अखेरीस, मे २०१२ मध्ये, ब्लॅकबर्न खाली घसरला. त्या रात्री विगनविरुद्धच्या मॅचला लोकांनी क्लबचं फडकं बांधलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकाच्या धंद्यावर टोमणा. ती कोंबडी पकडायला खेळाडू पळत होते, हे दृश्य मी टीव्हीवर बघितलं आणि टीव्ही बंद केला. त्यानंतरच्या हंगामात तर कहर. हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस. आमच्या फाउंड्रीत हेल्परसुद्धा तीन महिने ट्रायलवर असतो हो! २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत गेला. वर्षभरात टोनी मोब्रेंनी परत वर काढला, आणि त्यांना मात्र चांगली पाच वर्षं राहू दिलं, हे सांगायला पाहिजे. पैसा ओतणंही पुणेकरांनी वर्षानुवर्षं थांबवलं नाही. म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता आणि नियतीचा तर नव्हताच.

तारखा बघा. मे २०१२ला ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली आला आणि त्याच उन्हाळ्यात बेनहॅमने ब्रेंटफर्ड घेतला, दोन श्रेणी खाली असलेला. नऊ वर्षांनी ब्रेंटफर्ड प्रीमियर लीगमध्ये, ब्लॅकबर्न बाहेर. मधल्या काळात डेव्हिड राया नावाचा गोलकीपर २०१९ मध्ये ब्लॅकबर्नने सुमारे ३० लाख पौंडांत ब्रेंटफर्डलाच विकला. आज तो आर्सेनलचा एक नंबरचा गोलकीपर आहे.

आणि बेनहॅमलाही देव्हाऱ्यात बसवायला नको. २०१५ मध्ये मार्क वॉरबर्टन यांच्या हाताखाली संघ झकास खेळत होता, प्ले-ऑफपर्यंत गेला, तरी हंगाम संपल्यावर त्यांना जाऊ दिलं. खेळाडू निवडताना गणिताचं किती ऐकायचं यावर पटलं नाही. त्यांच्या जागी आणलेले डच गृहस्थ मारिनस डाइकहाउझेन, त्यांना अवघ्या नऊ सामन्यांनंतर घरी पाठवलं. नऊ! तेव्हा कुठं गेलं होतं गणित, असं मी पोराला विचारलं. तो म्हणाला, "पप्पा, निकालावरून नाही, रोजच्या सरावाचीच बोंब होती म्हणून काढलं असं म्हणतात." असेल. बाहेर सगळे असंच म्हणतात. मीही म्हणालो होतो की मास्तरांचं पोरांवर लक्ष राहिलं नाही.

त्या चुकीतून तो शिकला मात्र. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये डीन स्मिथ अ‍ॅस्टन व्हिलाला गेले आणि त्यांचे सहायक थॉमस फ्रँक मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या १० पैकी ८ सामने हरले. त्याच दिवसांत क्लबचा तांत्रिक संचालक रॉबर्ट रोवन वयाच्या २८व्या वर्षी अचानक गेला. सगळं घरच खचलेलं. कुठल्याही मालकाला फ्रँक यांना काढायला कारण शोधावं लागलं नसतं. तरी काढलं नाही. संधींची बेरीज बघितली, सराव बघितला आणि थांबला. आकडेशास्त्रात पीएच.डी. केलेले फिल गाइल्स हे तिथं फुटबॉल संचालक आहेत. अशी माणसं जवळ असली की रात्री अकराला कानाशी लागणाऱ्यांचा आवाज कमी ऐकू येत असावा. २०२०ला प्ले-ऑफच्या फायनलमध्ये फुलहॅमकडून हरले, तरी फ्रँक कायम. २९ मे २०२१ला स्वान्सीला २-० हरवलं आणि ७४ वर्षांनी ब्रेंटफर्ड सगळ्यात वरच्या श्रेणीत पोहोचला. पहिल्याच सामन्यात आर्सेनलला २-०.

याची दुसरी बाजूही मला दिसते आणि ती फार गोड नाही. या मालकाला पोरं विकायचं वाईट वाटत नाही. ऑली वॉटकिन्सला एक्सेटरकडून १८ लाख पौंडांच्या आसपास घेतला आणि तीन वर्षांनी व्हिलाला २ कोटी ८० लाखांना दिला. ब्रायन एम्बुमो या आघाडीवीराला २०२५ मध्ये मँचेस्टर युनायटेडला साडेसहा कोटींच्या वर. कारखानदार म्हणून मी टाळ्या वाजवतो, पेठेतला माणूस म्हणून पोटात कालवतं. २०१६ मध्ये तर त्याने लहान मुलांची अकादमी बंदच केली. कारण हिशेबाला बरोबर होतं: आपण पोरगं घडवायचं आणि सोळा वर्षांचं झालं की मोठ्या क्लबाने चिल्लर देऊन उचलायचं. त्याऐवजी मोठ्यांनी टाकून दिलेली अठरा-वीसची पोरं घेऊन बी टीम काढली. पुढे अकादमी पुन्हा सुरू केली म्हणा. पण गल्लीतल्या पोराने आपल्या गल्लीच्या संघात खेळायचं नाही, तर मग संघ कशाला?

आणि ते बेटिंग. २०२३ मध्ये याच संघाचा आघाडीवीर आयव्हन टोनी याच्यावर बेटिंगच्या २३२ नियमभंगांबद्दल आठ महिन्यांची बंदी आली. नियम मोडला, शिक्षा झाली, ठीक आहे. पण ज्या क्लबची वीट न् वीट बेटिंगच्या पैशातून उभी राहिली, तिथल्या पोराला त्याच नादापायी घरी बसावं लागलं, हे बघून मला आमच्या पेठेतले मटक्याच्या चिठ्ठ्या लिहिणारे आठवले. लिहिणारा कधी बुडत नाही, लावणारा बुडतो.

२०२५च्या उन्हाळ्यात फ्रँक टॉटनहॅमला गेले. कर्णधार गेला, गोलकीपर गेला, एम्बुमो आणि विसा हे गोल मारणारे दोघेही गेले. मालकाने बाहेरून मोठं नाव आणलं नाही. थ्रो, कॉर्नर, फ्री किक यांचा सराव घेणारे कीथ अँड्र्यूज यांनाच मुख्य प्रशिक्षक केलं. आयुष्यात पहिल्यांदा. इथल्या पेपरवाल्यांनी यंदा खाली जाणार म्हणून लिहून टाकलं, आणि पहिल्या मॅचला नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ३-१ हरलेसुद्धा. २७ सप्टेंबरला त्याच युनायटेडला, ज्यांनी एम्बुमो नेला, ३-१ हरवलं. पुढे काय होईल ते होवो. मी त्या थ्रोकडे बघत होतो तेव्हा मला एवढंच दिसत होतं की हे पोरांनी शंभर वेळा केलेलं आहे. शंभरातला एक आज लागला.

युनायटेडच्या मॅचनंतर मी कोल्हापूरला फोन लावला. तालमीतला जुना मित्र, त्याला सगळ्यांची खबर असते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मी विचारलं, मास्तर कसे आहेत?

"हाईत की. गुडघं गेल्यात, पण सीझनला एक मॅच चुकवत न्हाईत. पायऱ्यांवर बसत्यात, त्यांच्या त्या डायरीत रेघा मारत."

"अजून?"

"अजून म्हंजे काय. नवी डायरी असत्या दरसाली." मग जरा थांबून म्हणाला, "तुझं नाव निघालं होतं मागं एकदा. तू विलायतेला जाणार म्हणून सांगिटलं."

"काय म्हणाले?"

"काय न्हाई. शिट्टी हाय काय त्याच्याकडं, म्हणून विचारलं."

सत्तावीस वर्षांत आमची समोरासमोर गाठ पडली नाही असं नाही. लग्नात, मयताला, महाद्वार रोडला, बऱ्याचदा. नमस्कार होतो. शिट्टीचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही नाही.

डिसेंबरमध्ये सीझन सुरू होईल, माझं परतीचं तिकीट नोव्हेंबरच्या शेवटाचं आहे. शिट्टी आहे. शिरोलीच्या ऑफिसात, टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये, पॅटर्नच्या जुन्या बिलांखाली. आतला दाणा अडकलाय बहुतेक. वाजते का बघायला पाहिजे.